वऱ्हाडच्या कारभारखर्चाचे प्रकरण

गेल्या आषाढात अमरावतीस आमच्या राहत्या इमारतीत एक लहानसा वाद उपस्थित झाला. तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याजोगा आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. आम्हांसही वाटले नव्हते. परंतु त्या वादाच्या निमित्ताने वऱ्हाडच्या इतिहासातील एका तहाचे एक कलम आम्हांस पुन्हा काढून वाचावे लागले. ते कलम, त्याच्या आधीचा करार आणि त्यानंतरचा पन्नास वर्षांचा तंटा यांविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे. वादाची हकीकत तेवढी प्रथम सांगतो, म्हणजे पुढील मजकुराचा रोख कळेल.

इमारतीत चोवीस सदनिका आहेत. गृहनिर्माण संस्था रीतसर नोंदलेली आहे. पंचमंडळींस नोकरीधंद्यामुळे वेळ मिळत नाही, सबब दोन वर्षांपूर्वी त्यांनी सर्व कारभार एका व्यवस्थापकाच्या हवाली केला. दरमहा जी पावती येते, व जिला सर्व लोक मेंटेनन्सची पावती म्हणतात, तींत पाणी, वीज, लिफ्ट, झाडलोट, पहारा अशा बाबी असत. त्यांच्याखाली एक नवी ओळ आली : ‘प्रशासकीय शुल्क, रुपये १५०’. दुसऱ्या वर्षी त्याचे ४०० झाले. कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे आमच्या मजल्यावरील एक गृहस्थ वारले. त्यांच्या पत्नीने सदनिका आपल्या नावे करून देण्याविषयी अर्ज केला, तेव्हा व्यवस्थापकाने कागद पुढे सरकविण्याबद्दल प्रशासकीय शुल्क म्हणून १५,००० रुपये मागितले. त्या बाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “सर, हे पैसे कायचे घेऊन राहिले हे लोक? यायचं पेन्शन अजून सुरू नाही झालं.”

आम्ही व्यवस्थापकास भेटलो. तो तरुण मनुष्य बोलण्यात अत्यंत मर्यादशील होता. त्याने आम्हांस खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सांगितले, “सर, प्रशासकीय खर्च किती लावायचा हे आमच्या अखत्यारीत आहे. त्याचा वेगळा हिशेब देण्याची पद्धत नाही.”

हे उत्तर ऐकताच ते पूर्वी कोठे तरी वाचले आहे असे वाटले. घरी येऊन शोध केला तो ते सापडले. २६ डिसेंबर १८६० रोजी इंग्रज सरकार व निजाम यांमध्ये जो तह झाला त्याच्या चौथ्या कलमात, वऱ्हाडच्या कारभाराच्या खर्चाविषयी, याच अर्थाचे शब्द आहेत.

*

तहाकडे वळण्यापूर्वी या जातीच्या बाबीची जुनी वंशावळ थोडी पाहणे अवश्य आहे. मोडी दप्तरांत ज्यांचा हात फिरला आहे त्यांस ‘गावखर्च’, ‘सादिलवार’, ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ ही नावे परिचयाची असतील. सरकारी वसुलाखेरीज वसूल करण्याच्या व्यवस्थेसाठी म्हणून जो पैसा घेतला जाई त्याची ही निरनिराळी रूपे होत. कागद, शाई, दिवाबत्तीचे तेल, जासूद, शिबंदी, आल्यागेल्याचा शिधा अशा खऱ्या गरजेच्या बाबी त्यांत असत. म्हणून ती केवळ जुलूम होती असे कोणी म्हणू नये. गावाचा कारभार चालावयाचा तर खर्च होणारच. प्रश्न तो कोणी पाहावयाचा एवढाच असे.

या बाबींपैकी ‘अंतस्था’विषयी मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली लिहिलेल्या आपल्या अहवालात जे नमूद केले आहे ते फार मार्मिक आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावताना त्याने मामलेदारांचे जमाखर्च पाहिले. त्याच्या सांगण्याचा इत्यर्थ असा : दरबारखर्च अथवा अंतस्थ ही प्रारंभी गुप्त रक्कम होती, हिशेब तपासणाऱ्यांस खूष ठेवण्यासाठी ती दिली जाई. काही काळाने ती इतकी नित्याची झाली की हिशेबात उघडपणे लिहिली जाऊ लागली, व इतर बाबींबरोबर तीही तपासून मंजूर होऊ लागली. पण तपासणारे तर होतेच. त्यांस खूष ठेवणे अद्यापि जरूर होते. तेव्हा त्यासाठी पुन्हा एक नवी गुप्त वाढ करावी लागली. या नाजूक बाबतीत कोणी खोल चौकशी करीत नसे, त्यामुळे वरिष्ठांच्या नावाने घेतलेल्या रकमेपैकी मोठा भाग मामलेदाराच्याच पदरी राही. लाच हिशेबात शिरून प्रतिष्ठित होते व तिच्या मागे दुसरी लाच उभी राहते, हा क्रम ज्याने जुने ताळेबंद ओळीने लावून पाहिले आहेत त्यास नवा वाटणार नाही.

हा वृत्तांत पेशव्यांच्या मुलखाचा आहे. वऱ्हाड त्यांत नव्हते, हे विसरता कामा नये. पण पेशवाईतही यावर इलाज योजिलेला होता, तोही सांगितला पाहिजे, नाही तर एकांगी चित्र होईल. मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस इत्यादि दरखदार नेमलेले असत. त्यांची नेमणूक मामलेदाराच्या मर्जीवर अवलंबून नसे, आणि त्यांच्या निशाणीवाचून हिशेबाचा कागद पुरा होत नसे. मुलूख मक्त्याने देण्याची चाल दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बोकाळली तेव्हा हा आळा निरुपयोगी झाला. मक्तेदारास एक ठरीव रक्कम भरावयाची असते. मग बाकीच्याचा हिशेब त्याच्याकडे कोण मागणार?

आमचा व्यासंग मूळचा संस्कृताचा, सबब येथे कौटिल्याचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९०९ साली शामशास्त्री यांनी अर्थशास्त्राची संहिता छापली तेव्हापासून पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसा अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, हा दृष्टांत सर्वतोमुखी झाला आहे. द्रव्यापहाराचे जे चाळीस प्रकार त्याने सांगितले आहेत तेही पुष्कळांस ठाऊक असतात. परंतु त्याच अध्यक्षप्रचार अधिकरणात, दोनच अध्याय अलीकडे, अक्षपटलाचा म्हणजे हिशेबखात्याचा जो अध्याय आहे तो क्वचित् कोणी वाचतो. वर्ष आषाढात संपावयाचे. त्या सुमारास सर्व अधिकाऱ्यांनी आपापले मुद्रांकित हिशेब घेऊन यावयाचे. एकत्र जमल्यावर आपसांत बोलावयाचे नाही. प्रथम जमा, खर्च व शिल्लक यांच्या बेरजा तोंडी ऐकावयाच्या आणि मग कागद पाहावयाचा. वेळेवर न येणाऱ्यास दंड. माशाचा दृष्टांत म्हणजे हताशपणाचा उद्गार नव्हे. तो ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात आषाढाचा हा नियम आहे.

*

आता वऱ्हाड. या प्रांताला एकच धनी असा फार थोडा काळ लाभला. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांस मिळाली, त्यांत वऱ्हाडचा सुभा होता. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानास मारून दक्षिण आपलीशी केली. तेव्हापासून सुमारे ऐंशी वर्षे वऱ्हाडात दोन अंमल शेजारी शेजारी नांदले. सार्वभौमत्व निजामाचे, आणि वसुलाचा अर्ध्याहून अधिक वाटा नागपूरकर भोसल्यांचा. रयतेला दोन कचेऱ्यांचा खर्च सोसावा लागे, हे निराळे सांगावयास नको. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानावर भोसल्यांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला.

दोन धनी गेले व एक राहिला, तरी सुख झाले नाही. हैदराबादेस चंदुलाल याच्या कारकीर्दीत वऱ्हाडचे महाल सावकारांस लावून देण्यात आले. पूरणमल सावकाराकडे वऱ्हाडचा बराच भाग होता. १८३९ साली त्यास काढण्यात आले. पुढे पेस्तनजी आणि मंडळी या पारशी व्यापाऱ्यांकडे, दरबारास दिलेल्या कर्जाच्या फेडीदाखल, मोठमोठे महाल आले. या मंडळींविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वऱ्हाडचा कापूस मुंबईस प्रथम मोठ्या प्रमाणावर त्यांनीच नेला, व खामगाव इत्यादि ठिकाणी गठ्ठे बांधण्याची यंत्रे त्यांनी बसविली. १८४३ साली चंदुलालाने कारभार सोडला आणि थोड्याच काळात यांचेही महाल गेले. दरबाराकडील त्यांचे येणे तसेच राहिले.

इतक्यात दुसरा एक खर्च डोईजड होत चालला होता. तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा. १८०० च्या तहाप्रमाणे युद्धप्रसंगी निजामाने काही फौज इंग्रजांच्या मदतीस पाठवावयाची होती. शांततेच्या काळी कायमची इंग्रजी अंमलदारांची फौज पोसावी असे त्यांत कोठेही नाही. खुद्द लॉर्ड डलहौसीनेही हे पुढे मान्य केले. तथापि रेसिडेंट हेन्री रसेल याच्या वेळेपासून ही फौज उभी राहिली ती वाढतच गेली, व तिचा खर्च वर्षास चाळीस लाखांच्या घरात गेला. तिच्यात अंमलदारांची संख्या मोठी व पगार गलेलठ्ठ. बिचारा निझी सर्वांचे भरतो, अशी थट्टा त्या अंमलदारांतच रूढ होती. निझी म्हणजे निजाम. पगार तुंबले की रेसिडेंट कंपनीच्या खजिन्यातून रक्कम उचलून देई व ती व्याजासह निजामाच्या नावे मांडी. अशा रीतीने जे कर्ज साचले ते १८५३ साली सुमारे पन्नास लाख हैदराबादी रुपये धरण्यात आले.

२१ मे १८५३ रोजी तह झाला. रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिरुद्दौला याचे मन वळविले. मन वळविले हा शब्द येथे सौम्य आहे. दिवाण सिराजुल्मुल्क तहानंतर आठवड्याभरातच वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि अहमदनगर-सोलापूरच्या सरहद्दीकडील महाल मिळून सुमारे पन्नास लाख रुपये वसुलाचा मुलूख रेसिडेंटच्या कारभाराखाली देण्यात आला. सहाव्या कलमात त्या वसुलातून काय काय भागवावयाचे ते नेमून दिले आहे : कंटिंजंटचा पगार, आप्पा देसाई यांची चौथाई, महीपतराम याच्या घराण्याचा तनखा, काही मराठे पेन्शनदारांची नेमणूक, आणि कर्ज फिटेपर्यंत त्यावर शेकडा सहा व्याज. कारभाराचा खर्च ही बाब या यादीत निराळी मांडलेली नाही, हे आमच्या मते लक्षात घेण्याजोगे आहे. ती जमाखर्चात ओघानेच येणार असे धरलेले दिसते. आणि म्हणूनच आठव्या कलमाला महत्त्व आहे. रेसिडेंटने दरसाल जमेचा व खर्चाचा खरा आणि प्रामाणिक हिशेब निजामास द्यावा, व वरील बाबी भागून जे उरेल ते त्याच्या हवाली करावे, असे ते कलम सांगते.

म्हणजे १८५३ चा तह निजामास कितीही जाचक असो, हिशेबाची दोरी त्याने निजामाच्या हातात ठेविली होती. मुलूख गेला तरी तो मुलूख कसा चालविला जातो हे विचारण्याचा हक्क होता.

ती दोरी १८६० साली सुटली; आणि कशी सुटली हे पाहण्याजोगे आहे. १८५७ च्या धामधुमीत हैदराबादचा दरबार इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याबद्दल बक्षीस म्हणून इंग्रज सरकारने नवा तह केला. पन्नास लाखांचे कर्ज माफ. धाराशिवचे महाल व रायचूर दुआब परत. सुरपूरचे जप्त झालेले संस्थान निजामास बहाल. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा काही भाग तेवढा इंग्रजांकडे गेला. वऱ्हाड, सुमारे बत्तीस लाख वसुलाचे, कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांकडे अमानत म्हणून राहिले. आणि या सर्व औदार्याच्या मधोमध चौथे कलम. निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा मागील, चालू व पुढील हिशेब मागण्याचा हक्क सोडावा. शिल्लक उरल्यास ती त्यास मिळेल. परंतु ती कारभाराचा सर्व खर्च वजा जाता उरलेली शिल्लक, आणि तो खर्च किती करावयाचा हे सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर.

तहाच्या मसुद्याकडे वारंवार पाहताना आम्हांस वाटते की यांतील गोम ‘अमानत’ व ‘मर्जी’ हे दोन शब्द एकाच कागदात बसविण्यात आहे. धर्मशास्त्रात निक्षेप म्हणजे ठेव हा व्यवहारपदांपैकी एक स्वतंत्र विषय आहे, आणि ठेव ठेवणाऱ्याने तिचा जाब विचारू नये अशी ठेव स्मृतिकारांस ठाऊक नाही.

कर्जमाफीविषयी आणखी एक गोष्ट आहे. ती वाचल्यावर बक्षिसाचे स्वरूप अगदीच पालटते. त्या वेळचा रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन याने १८६० सालीच आपल्या सरकारास लिहिले होते की, सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांच्या अबकारीचे उत्पन्न, जे वर्षास सुमारे एक लाख होते व जे १८१२ पासून १८५३ पर्यंत कंपनीने स्वतःकडे घेतले, ते निजामाचे होते. ते त्याच्या खात्यावर जमा धरले असते तर १८५३ साली निजामाकडे कंपनीचे खरे येणे जवळजवळ नव्हतेच. एकेचाळीस वर्षांची ही जमा हिशेबात आणली नाही, आणि त्या हिशेबावर वऱ्हाड घेतले. मग ते कर्ज माफ करून त्या माफीच्या मोबदल्यात हिशेब मागण्याचा हक्कच घेतला. हे लिहिणारा दुसऱ्या पक्षाचा वकील नसून खुद्द इंग्रज रेसिडेंट होता, म्हणून त्याच्या साक्षीची किंमत अधिक.

*

यानंतर वऱ्हाडचा कारभार पूर्व वऱ्हाड, ठाणे अमरावती, व पश्चिम वऱ्हाड, ठाणे अकोला, असा चालू लागला. त्या कारभाराची निंदा सरसकट करणे आम्हांस मान्य नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाला जो भाव आला त्याने वऱ्हाडचे रूप पालटले, आगगाडी आली, जमिनीची पाहणी होऊन मुंबईच्या धर्तीवर रयतवारी धारा ठरला, शाळा निघाल्या. १८७० साली लॉर्ड मेयो हा खामगावच्या आगगाडीच्या समारंभास आला होता. वसूल वाढला. आणि वसूल वाढला तशी शिल्लक किती, असा प्रश्न हैदराबादेस विचारला जाऊ लागला. कचेऱ्या, अंमलदार व बांधकामे यांवर किती जावे हे ठरविणारा एकच. तोच खर्च करणारा व तोच मंजूर करणारा. खर्च गैर होता की रास्त होता हे सिद्ध करण्याचे साधनच चौथ्या कलमाने काढून घेतले होते. आमच्या मते या प्रकरणाचे सार येथे आहे. दर भारी असणे हा दोष किरकोळ. तो हिशेब पाहून कमी करता येतो. हिशेब पाहण्याचा हक्क गेला म्हणजे दर हलका असला तरी तो अन्यायाचाच.

सालारजंगाने हे पुरते ओळखले होते. म्हणूनच कारभारखर्चाच्या एकेका बाबीवर भांडण्यात तो गुंतून राहिला नाही. १८६६ साली त्याने वऱ्हाड परत मागितले. १८७२ पासून पुन्हा मागणी केली, व अशी तोड सुचविली की कंटिंजंटचा खर्च व्याजातून भागेल एवढी रक्कम आम्ही इंग्रज सरकारकडे ठेव म्हणून ठेवतो, मग तारण म्हणून मुलूख ठेवण्याचे कारण काय? तोड नाकारण्यात आली. १८७६ साली तो विलायतेस गेला. शेवटी निजाम वयात येईपर्यंत हा प्रश्न काढू नये असे उत्तर मिळाले. सालारजंग १८८३ साली वारला.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन याने मीर महबूब अली खान यांच्याशी करार करून वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्याने घेतले. आता शिल्लक नाही, कारभारखर्च नाही, हिशेबही नाही. व्यवस्थापक भाडेकरू झाला. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले आणि कंटिंजंट ही स्वतंत्र फौज राहिली नाही. ज्या फौजेसाठी हा सारा खटाटोप ती नाहीशी झाली. मुलूख मात्र होता तेथे राहिला. १९२३ साली मीर उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली ती १९२६ साली लॉर्ड रीडिंगने फेटाळली. १९३६ च्या कराराने ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ हा किताब आणि युवराजास ‘वऱ्हाडचे राजपुत्र’ ही पदवी मिळाली. खंड पूर्वीइतकाच राहिला.

या सर्व कागदांत वऱ्हाडच्या रयतेचे नाव कोठेही नाही. पैसा तिचा, तक्रार निजामाची, मर्जी इंग्रजांची. रयतेने आपला हिशेब मागावयास प्रारंभ केला तो मध्यप्रांतात गेल्यानंतर. वऱ्हाडच्या वसुलातून वऱ्हाडात किती खर्च व्हावा, हा प्रश्न तेथील कायदेमंडळात वारंवार निघे. ऑगस्ट १९४७ चा अकोला करार व सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हे त्याच प्रश्नाचे पुढील टप्पे होत. नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे अभिवचन आहे. घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदान्वये १९९४ साली विकास मंडळे स्थापन झाली, त्यांची मुदत २०२० साली संपली. तो विषय मोठा आहे व त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे त्यांत शिरत नाही.

*

इमारतीची हकीकत अर्धी राहिली होती ती पुरी करतो. निजामापेक्षा आमची स्थिती एका बाबतीत बरी होती. आमच्या संस्थेने चौथ्या कलमासारखे काही लिहून दिलेले नव्हते, व दिले असते तरी ते टिकले नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, याच्या ३२ व्या कलमाने प्रत्येक सभासदास संस्थेचे पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटापत्रक, सर्वसाधारण सभेची व समितीची इतिवृत्ते, आणि स्वतःच्या व्यवहाराची नोंद असलेली वह्यांची पाने, कचेरीच्या वेळात विनामूल्य पाहता येतात. फी भरून नकलाही मिळतात. हस्तांतरणाविषयी राज्य सरकारचे ऑगस्ट २००१ चे परिपत्रक आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत सदनिका विकली गेली तर जास्तीत जास्त २५,००० रुपये अधिमूल्य घेता येते, आणि वारसाच्या अथवा कुटुंबीयाच्या नावे ती होत असेल तर अधिमूल्य मुळीच घेता येत नाही. आदर्श पोटनियमांप्रमाणे हस्तांतरणाची फी ५०० रुपये.

आम्ही अर्ज लिहिला. त्या बाईंचा निराळा व आमचा निराळा. दोन प्रती केल्या, एकीवर पोहोच घेतली. (पोहोचेवाचून कागद देऊ नये, हे आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांस सांगत आलो, त्या दिवशी स्वतः विसरून जिन्यातून परत आलो होतो.) तेरा दिवसांनी नकला मिळाल्या. सभेची इतिवृत्ते प्रारंभापासून चाळली. प्रशासकीय शुल्क बसविण्याचा ठराव त्यांत कोठेही नाही. व्यवस्थापकाचे वेतन, छपाई व टपाल या बाबी सेवाशुल्कात एकदा धरलेल्या होत्या; आणि प्रशासकीय शुल्काच्या जमेसमोर खर्चाच्या रकान्यात त्याच तीन बाबी पुन्हा लिहिल्या होत्या, खाली ‘इतर’ म्हणून एक मोठी रक्कम. जुन्या दप्तरात ही ओळ ‘सादिलवार’ या नावाखाली आली असती.

व्यवस्थापकास आम्ही हे दाखविले तेव्हा तो रागावला नाही. “सर, आजवर कोणी विचारलंच नाही,” असे तो म्हणाला. ते खरेच होते, व त्यांत आमचाही दोष होता. बाईंच्या नावावर सदनिका ५०० रुपये फी घेऊन झाली. दरमहाचे ४०० रुपये बंद करावे व पूर्वी घेतलेले परत द्यावे, हा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे आहे. पंचांपैकी दोघे परत देण्याच्या विरुद्ध आहेत, त्यांचे म्हणणे असे की झाले ते झाले, मागील हिशेब आता कशाला काढता. मागील, चालू व पुढील हे शब्द तेव्हा आम्हांस पुन्हा आठवले.

शेवटी एक विनंती. वऱ्हाडातील देशमुख-देशपांडे अथवा पाटील-कुळकर्णी घराण्यांच्या दप्तरांत फसली १२६३ ते १२७० या सालांचे जमाबंदीचे अगर गावखर्चाचे कागद ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी ते मंडळास कळवावे. दोन तहांच्या मधल्या या सात-आठ सालांत कंपनीच्या कारभाराचा खर्च गावापर्यंत कोणत्या नावाने उतरला, हे त्यांवरूनच ठरविता येईल. कागद मोडीत असल्यास अडचण नाही. फाटके असल्यासही चालतील. नकलेचा खर्च आम्ही देऊ. मात्र तो बाबवार लिहून पाठवावा.